माती, थंडी आणि भट्टी

वाशिमच्या पठारावर मार्गशीर्ष सरता सरता जी थंडी उतरते, तिची पहिली जाणीव व्यापाऱ्याला सकाळी दुकान उघडताना होते आणि कुंभाराला मातीत हात घालताना. रात्रभर भिजत ठेवलेली माती पहाटे बर्फासारखी गार असते. बोटे आखडतात, चाकावरचा गोळा लवकर वळत नाही, शेजारच्या भांड्यातले पाणी वारंवार कोमट करून घ्यावे लागते. तरीही मातीकाम करणाऱ्याच्या दृष्टीने हाच वर्षातील मोलाचा काळ आहे. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत आणि उघड्यावरची भट्टी पेटत नाही. उन्हाळ्यात भांडे इतक्या झपाट्याने सुकते की काठ आधी आवळतो, बूड ओले राहते आणि मधेच चीर पडते. हिवाळा मात्र मातीला सावकाश वाळू देतो.

कुंभाराचे वर्ष सणांनी बांधलेले आहे. पोळ्याला मातीचे बैल, नवरात्राला घट, शरदात भुलाबाईच्या मूर्ती, दिवाळीला पणत्या आणि पौषात संक्रांतीची सुगडी. सुगडी विकली गेली की उन्हाळ्याच्या माठांची तयारी सुरू होते. येथे एक गोष्ट व्यापारी घराण्यांना चटकन उमगेल. चैत्र-वैशाखात ज्या माठाचे पैसे हाती यायचे, त्याची माती, जळण आणि मजुरी पौष-माघातच खर्ची पडलेली असते. म्हणजे कुंभाराचे सारे भांडवल दोन-तीन महिने अंगणात वाळत असते. त्यावर छप्पर नसते, विमा नसतो. माघातला एक अवकाळी पाऊस त्या भांडवलाचा पुन्हा चिखल करून टाकू शकतो.

मातीची परीक्षा

वऱ्हाडातील काळी माती कापसाला लाभते, कुंभाराला मात्र ती त्रास देते. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना इतकी आकसते की तिच्या एकटीच्या भांड्याला तडे जातात. म्हणून तलावाचा किंवा नदीकाठचा गाळ, राख आणि लीद तिच्यात मिसळावी लागते. राखेने चिकटपणा आवरतो. लीद भट्टीत जळून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे उरतात. त्याच छिद्रांतून पाझरणारे पाणी हवेत उडून जाताना माठातील पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचा गारवा असा हिवाळ्यातच तयार होतो.

वाळलेले भांडे खरोखर वाळले आहे की नाही, हे ओळखण्याची जुनी रीत म्हणजे ते गालाला लावून पाहणे. गार लागले तर आत ओल आहे. थंडीच्या दिवसांत ही परीक्षा फसवी ठरते, कारण सारेच गार लागते. म्हणून जाणता कारागीर घाई करीत नाही, आणखी दोन दिवस थांबतो. ओले भांडे भट्टीत गेले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि शेजारची चार भांडीही फोडते.

भट्टी विझल्यावरही धीर सोडून चालत नाही. मातीतील गारेचे कण साधारण ५७३ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतात. तापताना ते किंचित प्रसरण पावतात आणि निवताना तितकेच आकुंचन पावतात. बाहेर कडाक्याची थंडी असताना उत्सुकतेपोटी भट्टी लवकर उघडली, की गार वारा आत शिरतो आणि चांगल्या भांड्यांना केसाएवढ्या चिरा पडतात. तुराट्या आणि गोवऱ्यांवर चालणारा खेड्यातील आवा असो वा शहरातील कलावंताची गॅसभट्टी, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

शिरपूर ते भद्रावती

वाशिम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती वाळू आणि शेणाची घडविली गेली, अशी परंपरा सांगते. रावणाच्या काळातील त्या कथेत पूजेसाठी मूर्ती सोबत नव्हती, म्हणून हाताशी होते त्यातून ती साकारली गेली. याच शिरपूर तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्यातून चंद्रपूरजवळच्या भांदक येथील पार्श्वनाथांची मूर्ती रानात सापडली, अशीही आख्यायिका आहे. आजचे भद्रावती तीर्थ ते हेच. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला वाशिम, कारंजा, अकोला भागांतील अनेक कुटुंबे जात असतात.

त्याच भद्रावतीत आधुनिक भारतीय मातीकामाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान लिहिले गेले, हे मात्र यात्रेकरूंना सहसा ठाऊक नसते. १९५०च्या दशकात गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी येथे ग्रामोदय संघ उभा केला. धातू आणि पुढे प्लॅस्टिक यांच्या लाटेत खेड्यातला कुंभार वाहून जाईल, हे त्यांना दिसत होते. सुधारलेले चाक, मातीची नीट पारख, अधिक तापमानाची भट्टी आणि चकाकीचा लेप यांचे शिक्षण मिळाले तर तोच कारागीर नव्या काळात उभा राहील, अशी या कामामागची धारणा होती. दूरदूरच्या प्रांतांतील तरुण तेथे शिकून गेले.

चाकावरून कलादालनापर्यंत

या वाटेने गेलेल्यांपैकी एक नाव ब्रह्मदेव पंडित यांचे. बिहारमधील एका गरीब कुंभार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जयप्रकाश नारायण यांच्या सोखोदेवरा आश्रमाशी त्यांचा संबंध आला आणि तेथून ते प्रशिक्षणासाठी भद्रावतीला आले. पुढे मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात त्यांनी शिकविण्याचे काम केले आणि अखेर भाईंदर येथे स्वतःची कार्यशाळा थाटली. २०१३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्यांच्या कार्यशाळेत पत्नी आणि मुलांचेही हात राबले. त्यांचे पुत्र अभय पंडित हेही आज सिरॅमिक कलावंत म्हणून ओळखले जातात. म्हणजे पेढी जशी पिढीकडून पिढीकडे जाते, तसे येथे चाक गेले. फरक इतकाच की गावात ज्या हाताने माठ घडले असते, त्याच हाताने स्टोनवेअरचे मोठे घट घडले आणि ते कलादालनांत पोहोचले.

स्टोनवेअर म्हणजे १२०० ते १३०० अंशांच्या आसपास भाजलेली माती. खेड्यातील आवा याच्या बऱ्याच खाली थांबतो, म्हणून माठ सच्छिद्र राहतो. स्टोनवेअरमध्ये माती दगडासारखी घट्ट होते, तिच्यातून पाणी पाझरत नाही. कलावंताचा दिवसही त्यानुसार ठरतो. माती मळून तिच्यातील हवा काढणे, चाकावर मध्य साधणे, भांडे अर्धवट वाळल्यावर त्याचे बूड खरवडणे, पहिली भाजणी, मग लेप आणि शेवटी मोठी भट्टी. यांपैकी एकाही पायरीला वगळता येत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत हिवाळ्याचे कोरडे दिवस या कामाला विशेष मानवतात. विदर्भात मात्र उत्तरेचा कोरडा वारा सुटला की भांड्याची एक बाजू आधी सुकते. तेथे कारागिराला ओल्या गोणपाटाने भांडी झाकावी लागतात.

राखेतला रंग

ब्रह्मदेव पंडित यांची वाट गावच्या चाकापासून सुरू झाली. निर्मला पटवर्धन यांची वाट वेगळी होती. त्यांनी शांतिनिकेतनात कलाशिक्षण घेतले, जर्मनीत स्टुटगार्ट येथे सिरॅमिकचा अभ्यास केला आणि इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज येथे बर्नार्ड लीच यांच्या कार्यशाळेत काम केले. लीच यांनी ही कार्यशाळा १९२० मध्ये जपानी कलावंत शोजी हमादा यांच्यासह उभारली होती आणि १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘अ पॉटर्स बुक’ जगभरच्या मातीकाम करणाऱ्यांनी वाचले.

पण परदेशी पुस्तकांतील कृती भारतात जशाच्या तशा उतरत नसत. तेथील माती वेगळी, खनिजे वेगळी, जळण वेगळे. पटवर्धनबाईंनी हे काम हाती घेतले. आपल्याकडे मिळणारी माती, फेल्डस्पार, गार आणि राख घेऊन त्यांनी लेपांचे अनेक प्रयोग केले आणि ते ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या ग्रंथात खुलेपणाने मांडले. लेपाची कृती गुपित ठेवण्याची रीत असलेल्या व्यवसायात हे औदार्य मोठे होते.

राखेचे मर्म येथेच कळते. लाकूड किंवा ताटे जळाल्यावर मागे चुना आणि क्षार उरतात. प्रखर उष्णतेत ते गारेला वितळण्यास मदत करतात आणि भांड्यावर काचेसारखा थर धरतो. प्रत्येक वनस्पतीच्या राखेचे घटक निराळे, म्हणून प्रत्येकीची छटाही निराळी. हिवाळ्यात कापूस वेचून झाल्यावर वऱ्हाडातील शेतांत उरणाऱ्या पऱ्हाट्या या दृष्टीने केवळ जळण नव्हेत, तर रंगाचे साहित्यही आहेत.

वत्सगुल्माचे देणे

वाशिमचा या कलेशी आणखी एक दूरचा, पण खरा संबंध आहे. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तेराशेहून अधिक वर्षांनी, १८७२ पासून, मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. त्याच दशकात त्या शाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मातीकामाचा विभाग चालत होता. अजिंठ्याच्या आकृती आणि वेलबुट्ट्या तेथल्या चकाकदार घटांवर उतरल्या. त्यांतील काही घट आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. वत्सगुल्माच्या राजवटीत भिंतीवर उमटलेली रेषा अशी मुंबईच्या भट्टीतून जगभर गेली.

सद्दालपुत्राची भांडी

मातीकामाविषयी जैन मनात एक संकोच पूर्वापार आहे. पृथ्वीकाय आणि अग्निकाय जीवांचा विचार करणाऱ्या श्रावकाचाराने भट्टीचे धंदे अंगारकर्मात मोजले आणि ती पंधरा कर्मादानांतील पहिली गणना आहे. व्यापारी घराण्यांनी कापूस, धान्य, सराफी पत्करली, पण चाक पत्करले नाही, यामागे हाही एक विचार असावा.

तरीही श्वेतांबर आगमांतील सातवे अंग उपासकदशांग उघडले, तर भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांत एक कुंभार भेटतो. पोलासपूरचा सद्दालपुत्र. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, कोटींच्या सुवर्णमुद्रा होत्या, गाईंचा मोठा कळप होता. तो आजीवक मताचा, म्हणजे सारे नियतीने घडते असे मानणारा होता. एकदा तो वाळत आलेली भांडी आतून बाहेर काढीत असता महावीरांनी त्याला विचारले, की ही भांडी कशी झाली? त्याने सांगितले, की आधी ही माती होती, पाण्यात भिजविली, राख आणि शेण मिसळले, चाकावर चढविली, तेव्हा भांडी झाली. मग हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नावाचून? आपल्या मताला जागून तो म्हणाला, प्रयत्नावाचून. तेव्हा महावीरांनी विचारले, की कोणी ही भांडी चोरली, फोडली, तुझ्या पत्नीचा अपमान केला, तर तू काय करशील? त्याला दंड करीन, असे तो म्हणाला. प्रयत्नच नसेल तर दोष कोणाचा आणि दंड कशाचा, हे त्याच्या ध्यानी आले आणि त्याने श्रावकव्रते घेतली.

पुरुषार्थाचा सिद्धान्त समजाविण्यासाठी आगमाने एका कुंभाराचे अंगण निवडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राख आणि शेण मिसळण्याची सद्दालपुत्राने सांगितलेली कृती आजच्या कुंभाराच्या अंगणातही थोड्याफार फरकाने तशीच चालते. व्रतांची मर्यादा आपल्या जागी आहे. ती पाळणाऱ्याला कारागिराच्या श्रमाचा अनादर करण्याची मुभा मात्र त्यातून मिळत नाही.

पौषातला सौदा

संक्रांतीला हरभरा, बोरे, उसाचे कांडे आणि तीळ भरून सुगडी पुजली जातात. त्याच सुगड्यांसाठी बाजारात दोन-पाच रुपयांची घासाघीस होते. ज्या घरात कलादालनातील घट कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवला जातो, त्याच घरातून ही घासाघीस व्हावी, हे विसंगत आहे. कलावंताच्या घटावर त्याची सही असते, सुगड्यावर ती नसते, एवढाच दोहोंतील फरक. सावकाश वाळविण्याचे भान, भाजण्याचा अंदाज आणि थांबण्याचा संयम दोघांनाही लागतो.

व्यापारी कुटुंबांना येथे करण्यासारखे काही आहे आणि ते दानाच्या रूपात नसून व्यवहाराच्या रूपात आहे. उन्हाळ्यात दुकानापुढे पाणपोई लावणारी घराणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिचे रांजण आणि माठ चैत्रात घाईने घेण्याऐवजी पौषातच ठरवून, अर्धी रक्कम इसार म्हणून दिली, तर कुंभाराच्या अंगणात अडकलेले भांडवल मोकळे होते. त्याला जळणासाठी कर्ज काढावे लागत नाही आणि ग्राहकाला सावकाश वाळलेला, नीट भाजलेला माल मिळतो. भद्रावतीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी दर्शनानंतर थोडा वेळ काढून तेथील मातीकामाची माहिती घ्यावी, मुलांनाही सोबत न्यावे. पौषाच्या थंडीत कोणाचे तरी गारठलेले हात चाकावर असतात, तेव्हाच वैशाखातल्या तहानेची सोय होत असते.