कण्हेरीवरची हिरवी पाहुणी

मोडनिंबच्या शिवारात शेळी सगळ्या कुंपणाला तोंड लावते, पण कण्हेरीपाशी आली की तशीच पुढे जाते. उन्हाळ्यात बांधावर दुसरं हिरवं पान उरलं नाही तरी कण्हेर शाबूत राहते. म्हणून तर पाण्याची ओढ असलेल्या भागात ती कुंपणाला लावतात आणि महामार्गांच्या दुभाजकांतही लावतात.

तरीही पावसाळ्यात एखाद्या फांदीचा शेंडा बोडका दिसतो आणि खाली काळपट लेंड्या पडलेल्या असतात. फांदी हळूच वाकवून पाहा. बोटाएवढी हिरवीगार अळी पानाला उलटी बिलगलेली असेल. अंगावर पांढरे ठिपके, शेपटीकडे आखूड पिवळसर शिंग. तिला धक्का लागला की ती डोकं आत ओढून मान फुगवते आणि मानेवर दोन निळे डोळे उघडतात. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्याला दचकवणारे ठिपके आहेत. शिंगही टोचत नाही.

ही कण्हेरीवरच्या हॉकमॉथची अळी. या पतंगाच्या शास्त्रीय नावातही कण्हेर आहे: डॅफ्निस नेरियाय. त्यातलं ‘नेरियाय’, म्हणजे कण्हेरीचा, हे लिनियसने 1758 मध्ये दिलं. तगर आणि सदाफुलीवरही ती वाढते. ही सगळी झाडं एकाच कुळातली.

कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे विष पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतं आणि हृदयाची लय बिघडवतं. गंमत अशी, की या अळीचा पंपही त्या विषापुढे तितकाच दुबळा आहे. तिला वाचवतं ते मज्जातंतूंभोवतीचं आवरण. ते विषाला आत शिरू देत नाही.

बऱ्याच हॉकमॉथनी अशी आपापली झाडं धरलेली असतात. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत पाइन हॉकमॉथ आहे. त्याची अळी पाइन आणि स्प्रूसच्या सुया खाते. तिच्या अंगावर हिरवे-पांढरे उभे पट्टे असतात, त्यामुळे सुयांच्या झुपक्यात ती दिसेनाशी होते. इकडे रुंद पान, तिकडे सुई. जसं झाड तसा अळीचा पेहराव.

पण शेवटी दोघीही जमिनीवरच येतात. पाइनवरची अळी गळलेल्या सुयांखाली कोषात जाते. आपली अळी पूर्ण वाढली की हिरवा रंग टाकून तपकिरी होते, खोडावरून उतरते आणि पाचोळ्यात सैलसर जाळं विणून कोष करते. मग एका संध्याकाळी हिरव्या-गुलाबी नक्षीच्या पंखांचा, तळहाताएवढा पतंग बाहेर पडतो आणि फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो.

त्यासाठी आपण फार काही करायला नको. शेंडा खाल्ला तरी कण्हेर पुन्हा फुटते, तेव्हा फवारणीची घाई करू नका. आणि कुंपणाखालचा पाचोळा पेटवण्याआधी काठीने एकदा हलवून पाहा. त्यात तपकिरी कोष सापडला, तर पाचोळ्याचा तेवढा ढीग राहू द्या.