सलाईनची सुई आणि रक्तातले जंतू

"डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका." हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दवाखाना क्वचितच बंद होतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे पाच चमचे. तेवढी सरबतातूनही मिळते. शिरेतून द्यायची तर कातडीला भोक पाडावे लागते, आणि जंतूंना बाहेर अडवणारे आपले कुंपण म्हणजे ही कातडीच.

उलट्या थांबत नसतील, रक्तदाब उतरला असेल, तर सलाईन जीव वाचवते. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो शिरेत ठेवलेल्या प्लास्टिकच्या नळीचा. आपण तिला नुसते 'सुई' म्हणतो. कातडीवरचे जंतू नळीच्या कडेने आत उतरतात, किंवा न धुतलेल्या हातांवरून तिच्या तोंडातून शिरतात. प्लास्टिकवर ते बुळबुळीत थर करून राहतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही, म्हणून बहुधा नळीच काढावी लागते. जंतू रक्तात पसरले तर हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझ्या ओळखीचे एक शेतकरी जुलाबासाठी एका रुग्णालयात दाखल झाले. तिसऱ्या दिवशी ते भाकरी खाऊ लागले, तरी 'लागली तर असू दे' म्हणून नळी हातातच राहिली. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मलेरियाची तपासणी झाली, पण चिकटपट्टीखाली कोणी पाहिले नाही. शेवटी मुलीनेच सिस्टरना पू दाखवला. रक्तात जंतू निघाले. दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागली आणि सोयाबीनची काढणी भावकीने केली. जुलाब तर केव्हाच थांबले होते!

मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा धोका याहून जास्त. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये त्यासाठी साधी यादी केली. हात धुवा, टोपी-मास्क-निर्जंतुक गाऊन घालून रुग्णाला पूर्ण झाका, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसा, शक्यतो मांडीची शीर टाळा, गरज संपताच नळी काढा. यात नवे काय, असे कोणीही म्हणेल. पण मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांत ती पाळली गेली, तेव्हा दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेला संसर्ग दीड वर्षात १.४ वर आला. हे आकडे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार तिथे नर्सला दिला होता. आमच्या मंडळींना हे पचायला जड जाईल, पण मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

नातेवाइकांनीही संकोच करू नये. नळीला हात लावण्यापूर्वी हात धुतले का, हे नम्रपणे विचारावे. इंजेक्शनआधी नळीचे तोंड स्पिरिटने घासून वाळू द्यायला हवे. रोज सकाळी राउंडच्या वेळी "आज ही सुई लागणार आहे का?" असे विचारावे. जागा लाल होणे, दुखणे, सुजणे, शीर दोरीसारखी कडक लागणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच सिस्टरना बोलवावे. बाटली थांबली म्हणून नळी स्वतः हलवू नये.

उद्याच्या इंजेक्शनसाठी नळी तशीच ठेवून काहींना घरी पाठवतात. अशा वेळी आंघोळ करताना हात कोरडा ठेवावा. पट्टी भिजली किंवा सुटली तर त्याच दिवशी बदलून घ्यावी. आणि रात्री ताप भरला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, तेव्हाच रुग्णालय गाठावे.