पाणीपुरवठ्याची आगाऊ तजवीज

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण भेदले, तेव्हा ज्या पुण्याच्या नदीकाठच्या पेठा जलमय झाल्या होत्या त्याच पुण्यावर पिण्याच्या पाण्याची टंचाई ओढवली. कारण शहराची मुख्य भिस्त ज्या जलाशयावर, तोच रिता झाला होता. अशा प्रसंगी जुन्या विहिरींचे स्मरण होते खरे, परंतु त्यांतील गाळ ऐन संकटात उपसता येत नाही. म्हणूनच पर्यायी उद्भव, पंपांसाठी जनित्रे, टँकर, क्लोरीनचा साठा आणि कोणती झडप कोणी बंद करावयाची याची तपशीलवार यादी जलखात्याच्या दप्तरी आगाऊ असावी; आणि ती साहेबांच्या कपाटापेक्षा अंधारात झडप फिरवणाऱ्या चावीवाल्यास अधिक ठाऊक असावी. वाचकांनी मात्र पूर ओसरल्यावर नळाचे पाणी उकळूनच प्यावे.