एकाच वहीवर दोन दिवाणजी

वीरगळांवरची माझी पंधरा वर्षांची टिपणे एका जुन्या संगणकात होती. त्याचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत राहिली. ती नव्या लिनक्स संगणकाला जोडून फायली उघडल्या, तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची अगम्य रांग. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण आपल्याकडचे अक्षरजुळणीचे काम पुढेही बरीच वर्षे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणाऱ्या फॉन्टांवर चालले. तो फॉन्ट, त्याचा कळफलक आणि पानजुळणीचा प्रोग्राम जुन्या विंडोज एक्सपीत बसवलेला. मूळ सीडी आता वाचली जात नाही. तेव्हा नुसत्या फायली काढून भागणार नव्हते, एक्सपीच पुन्हा चालू करायला हवी होती.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रामने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० प्रणालीत एका मोठ्या डिस्कचे भाग ‘मिनीडिस्क’ म्हणून वाटले जात आणि प्रत्येक यंत्राला आपली डिस्क स्वतंत्र वाटे. आज व्हर्च्युअलबॉक्स हेच करतो. एका छोट्या फाइलीत तो नोंदवतो, की अमुक पार्टिशन खऱ्या डिस्कवरून वाचायचे. डेटा हलत नाही. आतल्या प्रणालीला मात्र ती आपलीच डिस्क वाटते.

इथेच मी चुकलो. ते पार्टिशन लिनक्समध्ये उघडे असतानाच मी आतली एक्सपी सुरू केली. दोन्हीकडून लेखन झाले आणि एका तालुक्याच्या टिपणांचा फोल्डर गेला.

असे का होते? प्रत्येक प्रणाली डिस्कवरची अनुक्रमणिका वाचून तिची प्रत स्मृतीत ठेवते आणि डिस्क फक्त आपणच बदलतो असे धरून चालते. पेढीची एकच वही दोन दिवाणजींनी सकाळी पाहिली, आकडे डोक्यात ठेवले आणि संध्याकाळी एकमेकांना न विचारता आपापली बेरीज उतरवली, तर वहीचे जे होईल तेच डिस्कचे होते. संगणक हायबरनेट करून बंद केलेला असेल तरी हा धोका असतो; पहिला दिवाणजी तेव्हा फक्त झोपलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम डिस्कची बिट-बिट प्रत काढावी, तीही पूर्ण डिस्कची. कारण बूट होण्याचा कोड आणि पार्टिशनांचे कोष्टक पार्टिशनच्या बाहेर, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते. मूळ डिस्क मग कपाटात जावी. प्रतीवर क्यूईएमयूच्या साह्याने एक वरची फाइल चढवावी: वाचन प्रतीतून, लेखन फक्त वरच्या फाइलीत. बिघडले तर ती फाइल पुसून पुन्हा सुरुवात करता येते. मात्र खालची प्रत त्यानंतर कधीही बदलू नये. बदलली तर वरची फाइल निरर्थक ठरते.

एक अडचण उरते. एक्सपीला तिच्या जुन्या मदरबोर्डचा डिस्क-नियंत्रक ठाऊक असतो. दुसरा दिसला की ती निळा पडदा दाखवून थांबते. तिला साधा आयडीई नियंत्रक द्यावा आणि त्याच्या ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीत नसेल तर आधी करून घ्यावी. हार्डवेअर बदलले असे समजून ती नव्याने अ‍ॅक्टिव्हेशनही मागू शकते. आणि एक्सपीचे सुरक्षा-अद्यतन एप्रिल २०१४ मध्ये थांबले असल्याने तिला इंटरनेट जोडू नये.

दुसऱ्या खेपेला हा क्रम पाळला. टिपणे उघडली, वाचता आली. आता रोज थोडी युनिकोडमध्ये उतरवतो आहे. गेलेल्या तालुक्यात मात्र पुन्हा हिंडावे लागेल, आणि तिथले दोन वीरगळ आता जागेवर नाहीत. ज्यांच्या घरी असा बंद पडलेला संगणक आहे, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी निदान डिस्क काढून घ्यावी. आणि काहीही उघडून पाहण्याआधी तिची प्रत करावी.