वारा, वात आणि किंग्ज क्रॉस

वाटीतल्या थंड रॉकेलवर पेटती काडी पडली तर ती बहुधा विझते, कारण रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, साधारण 38 अंश सेल्सिअसच्या वर असते. तेच रॉकेल चिंधीत मुरलेले असेल तर मात्र लवकर पेटते. वाटीतले तापलेले तेल वाहून जाते आणि ऊब पसरून जाते. चिंधीत ते जागीच अडकते, आणि जळेल तसे धाग्याधाग्यांतून नवे तेल वर चढत राहते. थोडक्यात, चिंधीची वात होते. तेल सांडलेल्या वाळूचेही तसेच.

अशा पृष्ठावर आग किती वेगाने सरकेल, हे वाऱ्याच्या दिशेवर ठरते. ‘वाऱ्याने प्राणवायू मिळतो, म्हणून आग भडकते’ हे बातम्यांतले ठरलेले वाक्य अर्धेच खरे आहे. समोरचा वारा ज्योतीला जळून गेलेल्या भागावर लोटतो. पुढचे तेल तापवायला मग पृष्ठालगतची आच तेवढी उरते. आग रेंगाळते, वारा फार जोराचा असेल तर वाफ आणि हवा यांना जळायला वेळच मिळत नाही आणि ती विझते. पाठचा वारा ज्योतीला न पेटलेल्या भागावर आडवी करतो, आणि आग धावत सुटते.

18 नोव्हेंबर जवळ आला की लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकाची आठवण निघते. 1987 साली तिथल्या लाकडी सरकत्या जिन्याच्या फटीतून एक पेटती काडी खाली पडली. खाली वर्षानुवर्षांचे ग्रीस होते. नुसते ग्रीस सहजी पेटत नाही. पण त्यात कपड्यांचे तंतू, तिकिटांचे कपटे, चॉकलेटचे कागद, अगदी उंदरांचे केससुद्धा मुरले होते. वात तयारच होती.

वाराही बाहेरून यावा लागला नाही. जिन्याचा चढ सुमारे 30 अंशांचा. कठड्यांमुळे तो चरासारखा बंदिस्त. बाजूने हवा मिळेना. खालून वर ओढल्या गेलेल्या हवेने ज्वाला पायऱ्यांवर झोपवल्या, आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास त्यांचा लोट तिकीटघरात घुसला. 31 जण दगावले. नंतरच्या तपासात हारवेल संशोधन केंद्रातल्या संगणकाने आडव्या ज्वाला दाखवल्या तेव्हा तज्ज्ञांचाच विश्वास बसेना; एक तृतीयांश आकाराची प्रतिकृती पेटवल्यावर त्या तशाच आडव्या झाल्या. चरात ज्वाला अशा आडव्या होण्याला ‘ट्रेंच इफेक्ट’ म्हणतात.

लाकडी जिने हटवायला मात्र वेळ लागला. लंडनच्या भुयारी रेल्वेवरचा शेवटचा, ग्रीनफर्डचा, 2014 साली बंद झाला.