पोटावर खिळलेलं लक्ष

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे तुझ्या मनातच आहे.’ इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, म्हणजे आयबीएसच्या रुग्णाला हे घरीदारी ऐकावं लागतं. ते खोटं आहे. १९७३ साली एका ब्रिटिश संशोधकानं मोठ्या आतड्यात फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. आयबीएसच्या ५५ टक्के रुग्णांना दुखलं, इतरांपैकी सहा टक्क्यांना. आतड्याकडून येणारे संदेश यांच्या मेंदूत मोठे होऊन पोचतात. सोनोग्राफीत ते कुठून दिसणार?

‘जुनी आव आहे’ हा दुसरा समज. त्यापायी तपासणी न करता मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्स होतात.

आता काळजीचं. आर्वीहून एसटीनं वर्ध्याला जायचं, तर काहींचं लक्ष आदल्या रात्रीपासूनच पोटाकडे. मधेच कळ आली तर? कंडक्टरला गाडी थांबवायला कसं सांगायचं? काळजीनं आतड्याची हालचाल बिघडते, ती जाणवली की काळजी वाढते, आणि साधी गुडगुडही धोक्याची वाटू लागते. मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेलं लक्ष-प्रशिक्षण अशा खिळलेल्या लक्षावर काम करतं.

‘म्हणजे मन दुसरीकडे रमवायचं ना?’ नाही. कळ आल्यावर टीव्ही लावणं म्हणजे कळेपासून पळणं. हा सराव मुद्दाम बऱ्या वेळी करायचा असतो, रोज साधारण बारा मिनिटं. डोळे उघडे, नजर एका जागी. कूलरची घरघर, कुकरची शिट्टी, दूरचा रेल्वेचा भोंगा, शेजारचं बोलणं: मे महिन्यातल्या वर्ध्यात आवाजांना तोटा नाही. आधी एकेक आवाज निवडून त्यावरच थांबायचं. मग शिकवणाऱ्यानं सांगितल्याबरोबर एकावरून दुसऱ्यावर भराभर उडी घ्यायची. शेवटी सगळे एकदम ऐकायचे. मधेच पोट गुडगुडलं तर तोही आणखी एक आवाज. त्याला हाकलायचं नाही, त्याच्यामागे जायचंही नाही. लक्ष कुठे ठेवायचं हे आपल्या हातात आहे, एवढाच अनुभव घ्यायचा.

सेवाग्राम-पवनारच्या आश्रमांच्या परिसरात याला पटकन ध्यान म्हटलं जाईल. पण इथे मन शांत होण्याची अट नाही. उलट वेल्स यांनी हे तंत्र प्रथम वापरलं ते अशा रुग्णासाठी, ज्याची घबराट शरीर सैल सोडल्यावर वाढायची!

मात्र आयबीएससाठी एकट्या लक्ष-प्रशिक्षणाचा पुरावा अजून तोकडा आहे. संज्ञानात्मक वर्तन उपचार आणि पोटासाठीचं संमोहन यांचा पुरावा जास्त भक्कम, म्हणून हा सराव समुपदेशकाकडून, इतर उपचारांच्या जोडीनं शिकलेला बरा. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत दिलं तर ‘ही वेड्यांची गोळी’ म्हणून फेकू नये. २०२३ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तिनं आयबीएसची लक्षणं कमी केली.

आणि सरावाआधी तपासणी. शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांतलं काहीही असलं तर ते आयबीएसच्या खात्यावर टाकू नये. आतड्याचा क्षयही असू शकतो, आणि विदर्भात सिकलसेलमुळेही पोट दुखतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत. पोटाचे आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. प्रवास जमत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, फुकट.