आधी माप, मग करवत : भालकीच्या एका हेराल्डच्या सांगाड्याची गोष्ट

आपल्या मंडळात आजवर बारवा, शिलालेख, गढ्या, जुनी दस्तऐवजं यांवर टिपणं वाचली गेली. मोटारगाडीवर लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. पण बैठकीत तीन-चार जणांनी विचारलं, "गुरुजी, त्या गाडीचं शेवटी काय केलंत?" म्हणून हे सविस्तर लिहितो. आपल्या भागात वाड्यांच्या पडवीत, आडतीच्या गोदामांत अशा गाड्या अजून उभ्या आहेत. आमच्याकडून झालेली चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, एवढाच हेतू.

गाडी कुठली, कशी

गाडी भालकीच्या एका आडत व्यापारी घराण्याची. स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९६० च्या दशकातली. आजोबांनी घेतली आणि ते गेल्यावर गोदामात लावली, ती पंचवीसेक वर्षं तशीच. नातू हैदराबादेत नोकरीला. गोदाम विकायचं ठरलं तेव्हा भंगारवाला आला होता. नातवाचं मन होईना. त्याने मला फोन केला, "काका, एकदा बघून तरी जा."

त्या काळी परदेशी गाडी आणणं जवळजवळ बंदच होतं. देशात बनणाऱ्या गाड्या मुख्यतः तीन : ॲम्बॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. हेराल्ड मूळची इंग्लंडातल्या ट्रायम्फची, १९५९ सालची. तिचा आकार इटलीतल्या मिकेलोट्टीने काढला. मद्रासला ती १९६१ पासून बनू लागली. चार दारांची आवृत्ती १९६८ ला निघाली, ती फक्त आपल्याकडेच.

आता ती स्पोर्ट्स कार नव्हे हे खरं, पण नात्याने जवळची. ट्रायम्फची प्रसिद्ध दोन आसनी स्पिटफायर १९६२ साली आली, ती हेराल्डचाच सांगाडा आखूड करून. चाकांमधलं अंतर हेराल्डला साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरला त्र्याऐंशी. नातवाने हे इंटरनेटवर वाचलं होतं. त्याच्या डोक्यात एकच : छत काढायचं, सांगाडा साडेआठ इंच कापायचा आणि भालकीत स्पिटफायर करायची! त्या हट्टाचं काय झालं ते पुढे येईलच.

माळवदाचं घर आणि दगडी भिंतीचं घर

कुठल्याही जुन्या गाडीला हात लावण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते : ओझं कोण पेलतं?

आपल्याकडच्या माळवदाच्या घरात खांब आणि तुळया ओझं पेलतात. मधली भिंत ढासळली तरी छत उभं राहतं. याउलट नुसत्या दगडी भिंतींच्या घरात भिंत काढली की छत खाली. फियाट आणि ॲम्बॅसडर या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे पत्र्याचं अंगच ओझं उचलतं. हेराल्ड माळवदाची. खाली लोखंडी सांगाडा, मिस्त्री लोक त्याला चेसी म्हणतात, आणि वर बोल्टांनी बसवलेलं अंग.

१९५९ साली हे तंत्र जुनंच मानलं जायचं. मग ट्रायम्फने ते का धरलं? ज्या कारखान्याकडून त्यांना बॉडी मिळायची, तो फिशर अँड लडलो, १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला. सबंध बॉडी एका ठिकाणी करून घ्यायची सोय उरली नाही. म्हणून अंगाचे तुकडे वेगवेगळीकडे करून चेसीवर जोडायचे ठरलं. पुढे उघडणारं अख्खं बॉनेट, मग डॅशबोर्डाचा पुढचा भाग, मागचा भाग आणि छत, सगळं बोल्टांवर. कंपनीची ती अडचण आज दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

चेसीला मधोमध दोन मुख्य दांडे असतात, जवळजवळ. त्यांतून दोन्ही बाजूंना आडवे हात निघतात आणि हातांच्या टोकांना बाहेरच्या पट्ट्या. मधला कणा सहसा टिकतो. कुजतात ते हात आणि बाहेरच्या पट्ट्या. आमच्या गाडीत तर त्या पोकळ पट्ट्यांमध्ये काळी माती ठासून भरली होती. रेगड माती पाणी धरून ठेवते हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिने लोखंडाला वर्षानुवर्षं ओलं ठेवलं.

आमची चूक

पहिल्यांदा आम्ही गाडी एका गॅरेजात दिली. तिथे उजव्या बाजूचे कुजलेले हात आणि पट्टी एकाच दिवशी ग्राइंडरने कापून काढले. नवीन चॅनल वेल्ड केलं, वर अंग ठेवलं आणि दार लावून पाहिलं. दार लागेना! मागची कड बोटभर वर येऊन पत्र्यावर चढत होती. गॅरेजवाल्याचा उपाय, "दार घासून बसवू."

दोष त्यांचा एकट्याचा नाही. कापण्याआधी मापं घ्या, असं सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. शिलालेखाचा ठसा घेतल्याशिवाय दगड हलवू नये, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. इथे विसरलो.

मग बीदरचे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराच्या फटीत बोट घातलं आणि आपल्या दखनीत म्हणाले, "पैले नापना, बादमें काटना. आप लोगां उलटा करे." दार घासायला त्यांनी साफ नकार दिला. दाराची फट म्हणजे सांगाड्याची साक्ष. फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा त्याच्या उलट दिसली, तर खाली काहीतरी बसलेलं किंवा वर उचललेलं असतं. दार घासलं की साक्षीदारच गेला.

शहाबादी फरशी आणि ओळंबा

पुढचं काम गोदामातच केलं, कारण तिथली जमीन शहाबादी फरशीची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची ही फरशी आपल्या घराघरांत आहे. मापासाठी सपाट जागा याहून स्वस्तात मिळणार नाही. तरी आम्ही पाण्याच्या नळीने चारही कोपरे तपासले आणि स्टँडखाली पत्र्याच्या चकत्या घालून चेसी समपातळीत आणली.

मग गवंड्याचा ओळंबा. पुढच्या चाकांच्या आधाराची भोकं, मागच्या आडव्या कमानपाट्याची बैठक, अंगाच्या बोल्टांची भोकं, अशा प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडायचा आणि फरशीवर खडूने फुली मारायची. चेसी बाजूला केली की जमिनीवर तिचा नकाशा उरतो. मधोमध सूत ताणून मध्यरेषा आखायची आणि कर्ण मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. आमच्या मुख्य दांड्यांच्या कर्णांत फरक जेमतेम दोन मिलिमीटर निघाला. म्हणजे कणा सरळ होता! चूक फक्त नव्या हातांत. उजवीकडचा एक हात नऊ मिलिमीटर खाली बसवला गेला होता.

मूळ माप कुठून आणायचं? डावी बाजू अजून कापलेली नव्हती, तीच आमची पोथी. मध्यरेषेपासून डावीकडचं प्रत्येक अंतर आणि फरशीपासूनची उंची वहीत उतरवली आणि आरशातल्यासारखी उजवीकडे धरली. दोन्ही बाजू एकदम कापल्या असत्या तर ही पोथीच हरवली असती.

पत्रा आणि वेल्डिंग

हातांसाठी दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. लोखंड तापून फुगतं आणि थंड होताना ओढून घेतं, त्या ओढीने हात वाकतो. अंगाचा पत्रा तर जेमतेम एक मिलिमीटर. तिथे साध्या वेल्डिंग रॉडने भोकंच पडतात, म्हणून गॅसच्या आवरणातलं तारेचं वेल्डिंग केलं.

मागचा आणि पुढचा भाग उचलण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या तिरप्या वेल्ड करून घेतल्या. छत आणि दारं निघाली की ही चौकट लिबलिबीत होते. पट्ट्यांनी ती धरून ठेवली.

पत्रा सरळ करताना एक हात बाहेरून हातोडीवर, दुसरा आतून डॉलीवर. खड्डा होता होईल तो ठोकून काढायचा, लांबी शेवटी आणि पातळ. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली जाड लांबी आहे असं समजावं.

अंग परत बसवताना सुरुवात मागून केली. आधी मागचा भाग, मग दारं टांगून पुढचा भाग, शेवटी बॉनेट. बोल्ट सैल ठेवून, रबर आणि चकत्यांचं पॅकिंग कमीजास्त करत फटी जुळवायच्या. यात चार दिवस गेले. पाणी निघून जायची खालची भोकं उघडी ठेवली आणि पोकळ पट्ट्यांत आतून मेण फवारलं.

धावेची पट्टी

डाव्या बाहेरच्या पट्टीवरची माती खरवडली तेव्हा खाली रिबिटांनी बसवलेला लोखंडाचा तुकडा सापडला. मिस्त्रींनी लगेच ओळखलं : बैलगाडीच्या चाकाची धाव! कुण्या लोहाराने धावेचा तुकडा तापवून, ठोकून, सात रिबिटांनी बसवला होता. मद्रासच्या गाडीला आपल्या गावच्या भात्यावरचं ठिगळ. १९५६ साली जिल्हा विभागला गेला, उदगीर-निलंगा तिकडे, भालकी-बीदर इकडे. गाडीचे सुटे भाग आणायचे तर हैदराबाद नाहीतर सोलापूर. तोवर गावातला लोहारच कामाला यायचा.

तो तुकडा ठेवायचा की काढायचा, यावर आपल्याच मंडळींत वाद झाला. इतिहास म्हणून ठेवा, असं काहींचं म्हणणं. पण ठिगळाखाली पाणी अडून पट्टी चाळणीसारखी झाली होती. गाडी रस्त्यावर येणार, तिच्यात माणसं बसणार. मी काढण्याच्या बाजूने होतो. मात्र आधी फोटो, जागेचं माप, रिबिटांमधलं अंतर, सगळं वहीत घेतलं. उजवी बाजू पूर्ण झाल्यावरच डावी कापली. तो तुकडा जुन्या पट्टीसकट त्या घरात जपून ठेवला आहे.

छत कापलं का?

नाही. नातवाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हेराल्डला बाहेरच्या पट्ट्या असतात, स्पिटफायरला त्या नाहीत. तिथे दाराखालचा पत्र्याचा उंबराच ओझं पेलतो. म्हणजे नुसती लांबी कापून स्पिटफायर होत नाही, कमजोर हेराल्ड होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेतला मिळतो. कुजलेला हात त्याच मापाने बदलणं ही दुरुस्ती. सांगाडा आखूड करणं हा फेरबदल. आमच्या गाडीच्या क्रमांकाची पट्टी बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर आहे. तो पत्रा अर्धा कुजला होता, तरी पट्टीभोवतीचा भाग आम्ही न कापता राखला. आजोबांचं जुनं आरसी बुक आडतीच्या वह्यांत सापडलं आणि दोन्हींवरचा आकडा एकच निघाला. त्या दिवशी नातवाने स्पिटफायरचं नाव सोडलं.

गाडीला अजून रंग द्यायचा आहे. सध्या ती रेडऑक्साइडमध्ये उभी आहे, पण दारं दोन बोटांनी लागतात.

वाचकांना विनंती : आपल्या घरी अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिच्या पोटाखालचे फोटो काढा, क्रमांकाची पट्टी उतरवून घ्या आणि जुन्या वह्यांत आरसी बुक शोधा. गाडी राहिली नाही तरी निदान तिची नोंद तरी राहील.